जांभळा डाग

"हात लावू नका, भाऊजी. वॉर्निश अजून ओलं आहे," बाई म्हणाल्या.

समीक्षकांनी हात मागे घेतला. दिवाणखान्यात ताज्या तेलाचा वास कोंदला होता. समोरच्या चित्रात उतरत्या उन्हातले शिवार होते: पिवळ्याचे फटकारे, हिरव्याचे पुंजके आणि कडेला एक जांभळा डाग.

"ताईच्या ट्रंकेत सापडलं. तिच्या त्या खेड्यातल्या शेवटच्या मुक्कामातलं. प्रदर्शनात मांडण्याआधी अर्थ तेवढा उलगडून सांगा."

त्या मुक्कामातच त्यांची पत्नी तिथल्या विहिरीत बुडाली होती. आपण त्या गावाची वेससुद्धा पाहिली नाही, असे समीक्षकांनी जबाबात सांगितले होते. सर्वांनी ते मानले. या मेहुणीने मात्र त्यांना उंबरा चढू दिला नव्हता. आजचे बोलावणे म्हणजे तिची शरणागतीच, अशा समजुतीने ते सुखावले होते. पत्नीच्या हयातीत तिच्या चित्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते. परंतु विद्वत्ता मिरवण्याची संधी दवडणे त्यांच्या रक्तात नव्हते.

"मला तर रंगाचा डबा सांडल्यासारखं वाटतंय," बाईंचा मुलगा खुर्चीतून म्हणाला. तो पोलिस अधिकारी होता.

"तुला चोर पकडता येतात, तेवढं पुरे," समीक्षक हसले.

बाईंनी शाल सावरली. "हा डाग कसला? गवताची गंजी?"

समीक्षक चित्राकडे वाकले. डागावरून त्यांची नजर हलेना.

"छे! पंपाची खोली आहे ती. पत्र्याच्या दाराची. विहीर तिच्या मागे आहे, म्हणून दिसत नाही. एका बाजूने ढासळलेला कठडा नुसता सुचवलाय. लपवण्यातच खरी कला असते, बाई."

"काका, तुम्ही तिथे कधी गेलाच नव्हता ना?" मुलाने विचारले.

"कधीच नाही. अरे, चित्रातच आहे सगळं! बघायला डोळे लागतात."

"तिथे अगदी तस्संच आहे, मी पाहून आलोय," मुलगा म्हणाला आणि उठून दारापाशी उभा राहिला.

बाईंनी शालीतून हात बाहेर काढला. नखांत जांभळा रंग होता.

"ते गाव मी कधी पाहिलं नाही, भाऊजी. आणि हा डाग मी मुद्दाम काढलासुद्धा नाही. रंगवताना माझ्या हातून कुंचला निसटला."