ठमाबाईचा डबा

"घरी काय काय औषध दिलंत?" डॉक्टर ऋचाने विचारलं.

ठमाबाईने पिशवीतून श्रीखंडाचा जुना डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पसरल्या. कुठे तीन, कुठे दोन, कुठे एकच. विचुंबे गावातल्या अख्ख्या आळीचा दवाखाना होता तो. फी नाही, चिठ्ठी नाही. एकाचा ताप उतरला की उरलेल्या गोळ्या इथं जमा, दुसऱ्याला चढला की इथूनच रवाना. आजवर कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं. ठमाबाईला त्याचा माज होता.

"ही दाताची. ही जुलाबाची. ही लाल-पिवली तापाची, लय गुनाची हाय."

"कोमलला कुठली दिलीत?"

"पयली ही. दोन दिल्या, उतरला ताप. मंग बंद केली, उगा गरम पडतात. परत ताप आला, तं ही. मंग ही."

काचेपलीकडे तिची सात वर्षांची नात कोमल पडली होती. डोळे अर्धवट उघडे. ते कुणाकडे बघत नव्हते.

ऋचाने रिपोर्ट पुढ्यात ओढला. "तिच्या रक्तातले जंतू कशाने मरतात, ते यात लिहिलंय." तिने एक पट्टी उचलली, मागची तुटकी अक्षरं वाचली, कागदावर बोट फिरवलं. "ही नाही." पट्टी बाजूला टाकली. "ही नाही." दुसरी. "ही पण नाही."

"मेडिकलवाला हसत हसत देतो की," ठमाबाई म्हणाली. "इख असतं तं दिलं असतं का?"

ऋचाने पुढची पट्टी उचलली. शेवटची पट्टी बाजूला गेली.

"अर्धी अर्धी औषधं देऊन जंतू पोसलेत तुम्ही, आजी. आता एकच इंजेक्शन उरलंय. ते देते. त्यानेही जंतू मेले नाहीत, तर माझ्याकडे काही नाही."

ती आत गेली. टेबलावर पट्ट्यांचा ढीग आणि उपडा डबा. ठमाबाईच्या कमरेला फोन थरथरला. शेजारची चंद्रावती.

"काकी, कोमल कशी हाय?"

"चंदे, ऐक. कुनाला गोल्या देव नको. तुज्या हेतललाबी नको. डाक्टरकडं ने. ऐकतेस ना?"

"हेतल? ती कवाच बरी झाली! परवा ताप भरलेला. मेडिकलातून आनल्या, तुमी देता तशा दोन दिल्या, दुसऱ्या दिशी पोर खेलाय लागली." चंद्रावती खुशीत हसली. "उरलेल्या जपून ठेवल्यात. तुमी तिकडं अडकल्या, लोकांची अडचन नको म्हनून मी बी डबा केलाय आता. सकालपासून तिघं येऊन गेली."