मागच्या सीटवरचं वजन

रविवारी दुपारी मी बाबांच्या हातात आमच्या नव्या रेसिंग गेमचं स्टिअरिंग दिलं. गेममधली गाडी वळणावर खरी वाटली पाहिजे, एवढंच माझं ऑफिसातलं काम. बाबांनी तीस वर्षं टॅक्सी चालवलेली. ते पास म्हणाले की झालं.

पहिल्याच वळणाला बाबा खूश झाले. "झकास जमलंय गं. मागे कुणी बसलंय, तेसुद्धा कळतंय."

"गाडी रिकामी आहे, बाबा. पॅसेंजरचं वजन मी घातलेलंच नाही."

"मला नको शिकवूस. डाव्या बाजूला बसलंय. हलकं माणूस आहे."

मी हसले. बाबा मात्र शर्यत विसरून, पॅसेंजरला धक्का बसू नये अशा बेताने गाडी चालवत राहिले. बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या. टॅक्सी सोडल्यापासून इतके समाधानी ते मला कधी दिसले नव्हते.

मग त्यांनी सवयीने गाडी कडेला घेतली. स्क्रीनवर गाडीची मागची डावी बाजू अलगद वर आली.

"उतरलं," बाबा म्हणाले.

आमच्या पाठीमागच्या रिकाम्या सोफ्याची डावीकडची स्प्रिंग कुरकुरली, कुणी टेकल्यावर कुरकुरते तशी.