तिसऱ्या मजल्यावरची पेटी

नगरपालिकेच्या शाळांचे बाक दुरुस्त करण्याचं काम प्राधान्याने दिव्यांगांच्या संस्थेला द्यावं, ही अट मीच घातली होती. निविदेचं पाकीट प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पेटीत टाकावं, हीदेखील माझीच अट. आता पेटी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, तीनची मुदत संपायला पाच मिनिटं आणि संस्थेच्या सुतारताई व्हीलचेअरवर, खाली जिन्यापाशी. “शिपायाला पाठवलंत तर चालणार नाही हं, मॅडम,” जुना कंत्राटदार घड्याळ दाखवत म्हणाला. माझ्याच अटीने माझा गळा आवळला होता. मी सीलबंद पेटी छातीशी धरली आणि जिना उतरू लागले. तो ओरडत मागोमाग आला. शेवटच्या पायरीवर मी गुडघे टेकले. ताईंनी पाकीट आत सोडलं, तोच तीनचे टोले पडले. “पेटी हलवलीत! तक्रार करतो!” “जरूर करा,” मी धापा टाकत म्हणाले. “तक्रारपेटी पाचव्या मजल्यावर आहे.”