बिनजोडीच्या मुठी

"पुन्हा वेगळी मूठ!" आर्किटेक्ट बैठकीच्या दारापाशी थांबला. "पुढच्या दाराला गोल पितळी, इथं चौकोनी लाकडी, स्वयंपाकघराला पिळाची लोखंडी. काकू, तुमच्या सासऱ्यांनी या भंगारातून उचलल्या होत्या की काय?"

काकू हसल्या. "लोकही तेच म्हणायचे. गल्लीत त्यांचं नावच 'चक्रम' पडलं होतं."

टेप खटकन आत गेला. वारसा समितीनं धाडलेला हा माणूस दुपारपासून घर मोजत होता. त्यानं शिफारस केली तर घर वाचणार. नाहीतर इथं टॉवर उभा राहणार आणि काकूंची रवानगी पुतण्याच्या फ्लॅटमध्ये. पुतण्या गुणी होता, पण त्याच्याकडच्या सगळ्या खोल्या एका साच्यातल्या. तिथं दोन दिवस राहिलं तरी काकूंना हरवल्यासारखं व्हायचं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. सासऱ्यांनी दोन्ही एकदमच काढलं होतं. मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी पाया खणायला घेतला. घर होईपर्यंत तारीख काही धरू दिली नाही.

"भिंतींचे कोपरे गोल का?" आर्किटेक्टनं विचारलं. "आणि ही लाकडी पट्टी घरभर कशाला फिरवली?"

"त्यांना तसंच हवं होतं."

"माणसं कशी होती घरातली?"

"सासूबाई कडक. खुर्ची वीतभर हलली तरी घर डोक्यावर घ्यायच्या. पाहुण्यालासुद्धा उठवून जागच्या जागी ठेवायला लावायच्या. सासऱ्यांची शिस्त निराळी. खोलीत शिरायचं ते बोलत शिरायचं. आमच्या ह्यांना बोलायला काही सुचायचं नाही, मग ते शीळ घालायचे. एकच गाणं, तेही बेसूर! वरचे भाडेकरू व्हायोलिन मास्तर तर जिना चढताना स्वतःशीच बडबडायचे."

"बाप रे! म्हणजे चांगलाच सासुरवास झाला की."

"छे हो." काकूंनी पट्टीवरून हात फिरवला. "या माणसांनी मला जपलं, तसं माझ्या आईनंही जपलं नसेल."

एकेक करून सगळे गेले. शीळही थांबली. पण पट्टीवर हात ठेवला की अजून सगळे बरोबर चालताहेत असं काकूंना वाटायचं, आणि रोज सकाळी त्या मनातल्या मनात त्यांचे उपकार मानायच्या.

आर्किटेक्टनं घसा साफ केला. "काकू, खरं सांगतो. समितीला घरामागे काहीतरी विचार लागतो. इथं दगड, फरशी, मुठी, कशाचा कशाला मेळ नाही. हे असं का, याचं एक पटणारं कारण द्या, आजच शिफारस करतो."

कारण काकूंच्या अगदी ओठांवर आलं. पण घर वाचावं ते स्वतःच्या गुणांवर. म्हातारीची कीव येऊन नको.

"माळा राहिलाय," त्या म्हणाल्या. "तो बघा, मग ठरवा."

जिना चारी बाजूंनी बंद होता. काकू भराभर चढून गेल्या. मागून बुटांची चाहूल अडखळली.

"अंधार आहे हो! आणि मोबाइल खालीच राहिला."

"पट्टी धरा. पायाला खडबडीत दगड लागला की जिना संपला."

बूट सावकाश वर आले. कुठं ठेच नाही, की धडपड नाही.

"आता मूठ. कशी लागते हाताला?"

"शिंपल्यासारखी."

"म्हणजे माळाच. आलात की बरोबर!" काकूंना सासऱ्यांना हाक मारून सांगावंसं वाटलं, बघा, तुमचं घर परक्यालाही सांभाळून घेतं.

दार करकरलं. तो आत आला. "कमाल आहे! पण आता दिवा लावा ना, काकू. इथं काहीच दिसत नाही."

"बटण कुठल्या भिंतीला आहे, ते तुम्हीच चाचपून बघा," काकू म्हणाल्या. "मला जन्मात त्याचा उपयोग झालेला नाही."