ठिपकीचा डोस

शेळी उठत नव्हती. तोंडाला फेस आला होता आणि चारही पाय थरथरत होते. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन शेडच्या जमिनीवर बसली होती. जनावरांचे डॉक्टर आले तरी ती हलली नाही.

“काय पाजलंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“जंताचं औषध. आज सगळ्यांनाच दिलं.”

“हिला किती?”

“दोन मिली. वजनाप्रमाणे.”

डॉक्टरांनी वजनाच्या अंदाजासाठी शेळीच्या छातीला फीत लावून पाहिली, बाटलीवरचं वाचलं. “प्रमाण बरोबर आहे. पण ही लक्षणं औषध जास्त गेल्याची आहेत. या औषधात चुकीला जागा नसते. दोनदा तर नाही ना गेलं?”

आई विचारात पडली. बारा शेळ्या होत्या. एकेकीला पाजून ती दाराबाहेर सोडत होती. पण ही ठिपकी बाटलीच्या दुधावर वाढलेली, माणसाळलेली. बाहेर काढली की दुसऱ्या क्षणी पुन्हा पायात.

“आली असेल परत,” ती हळूच म्हणाली. “माझ्याच ध्यानात आलं नसेल.”

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. वडील चाऱ्याचा भारा खांद्यावर घेऊन तिथेच उभे होते.

“तुम्ही होतात का इथे?”

“मी पहाटेच चाऱ्याला गेलो होतो. हा आत्ताच येतोय.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने ठिपकी गेली.

लेक दुपारी शाळेतून आली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. ठिपकीच्या आईने पिल्लाला जवळ घेतलं नव्हतं, तेव्हा हिनेच बाटली धरून तिला वाढवलं होतं. ती रडली नाही. परसात खड्डा खणून होईपर्यंत उभी राहिली, मग आईकडे वळली.

“तू मारलंस तिला.”

“चुकले गं बाळा.”

“लोकांच्या शेळ्या बऱ्या करतेस. माझीच तेवढी मारलीस.”

वडिलांनी तिला जवळ ओढलं. “आईला बोलू नकोस. चूक कुणाच्याही हातून होते.”

लोकांच्या शेळ्यांचं मात्र खरं होतं. आईच्या हाताला गुण होता. जबड्याच्या कडेने सिरिंज सरकवून, मान फार वर न उचलता, ती औषध असं पाजायची की जनावराला ठसका लागत नसे. आजूबाजूच्या चार वस्त्यांमधून तिला बोलावणं येई. कितीही हट्टी जनावर असो, तिच्यापुढे तोंड उघडायचं. उघडत नाही ते फक्त हिच्या नवऱ्याचं, अशी शेजारणी थट्टा करत, आणि तेही हसून गप्प राहत असत.

त्या दिवसानंतर तिने सिरिंज हातात धरली नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, “माझा हात चुकतो आता. दुसरं कुणी बघा.” हळूहळू लोक यायचे थांबले. घरच्या शेळ्यांना वडील पाजू लागले.

लेक आईच्या हातचं खायची, पण तिच्याशी कामापुरतंच बोलायची. पुढे ती वसतिगृहात राहायला गेली. फोन यायचा तो वडिलांना. आई शेजारी बसून ऐकायची आणि फोन ठेवला की विचारायची, “जेवते ना वेळेवर?”

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही मला एका शब्दानेही टोचलं नाहीत. दुसरा कुणी असता तर जन्मभर ऐकवलं असतं.”

“जेवून घे,” ते म्हणाले.

असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणी म्हणत. आईलाही ते पटत असे.

लेक जनावरांची डॉक्टर झाली. निकालाच्या दिवशी तिने वडिलांना वाकून नमस्कार केला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लेक तिच्याकडे जाईल असं क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात कुणीतरी पेढे मागितले आणि ते राहून गेलं.

दोन वर्षांनी आईच्या छातीत कफ साठला. आठवडाभरातच ती खंगली. शेवटच्या सकाळी तिने नवऱ्याचं मनगट धरलं.

“तिला सांगा, मी मोजूनच दिलं होतं.”

लेक पोहोचली तेव्हा आई जाऊन पाच तास झाले होते.

सगळे आपापल्या घरी गेल्यावर बापलेक ओसरीवर बसले. शेड रिकामी होती. शेळ्या केव्हाच विकल्या होत्या.

“शेवटी काही म्हणाली का आई?” लेकीने विचारलं.

“तुझी आठवण काढत होती.”

तिने गुडघे जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, “बाबा, मी आता हजारो जनावरांना पाजलंय. नवशिक्यांच्याही चुका पाहिल्यात. ज्याचा हात बसलाय तो एकाच जनावराला दोनदा नाही पाजत. बारा शेळ्यांत तर नाहीच. तेव्हा मला कळत नव्हतं. पण आता राहून राहून वाटतं, आईने खरंच दोनदा पाजलं असेल का हो?”

वडिलांनी अंगणाकडे पाहिलं.

“असेल,” ते म्हणाले.

लेकीचा बांध फुटला. “मी एकदा तरी तिला म्हणायला हवं होतं, जाऊ दे म्हणून. तुम्ही किती सहज माफ केलंत तिला.” तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

ठिपकीला औषध दोनदा गेलं होतं, हे खरंच होतं. दुसऱ्यांदा पाजलं ते आईने. पहिल्यांदा, चाऱ्याला निघण्याआधी, पोट बिघडलेल्या लेकीच्या लाडकीला लवकर बरं वाटावं म्हणून, त्यांनी.