लाटेवरचं वळण

मालवणच्या समुद्रावर तरंगणाऱ्या ट्रॅकवर शर्यतीची शेवटची फेरी सुरू झाली, तेव्हा विशाखा खोबरेकर तिसरी होती. भरती चढत होती आणि पोलादी रस्ता लाटांबरोबर वाकत होता. तिच्या वडिलांनीच तो बांधला होता, काथ्याने शिवलेल्या होडीच्या फळ्यांसारखे तुकडे एकमेकांत सैल गुंतवून. "सांधे घट्ट आवळा, नाहीतर पहिल्याच शर्यतीत ट्रॅक फुटेल," असं इंजिनियर बजावत होते. रघुनाथ खोबरेकरांनी ऐकलं नव्हतं.

शिडांच्या छपराखाली प्रेक्षक उभे राहिले. दीपस्तंभाच्या वळणावर मोठी लाट रस्त्याखाली शिरली आणि पुढच्या दोन्ही गाड्यांनी ब्रेक दाबले.

विशाखाच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर बाबा ओरडले, "ब्रेक मारू नको गो! लाट तुका उचलतली!"

तिने ॲक्सिलरेटर दाबला. रस्त्याची बाहेरची कड वर उचलली गेली आणि त्या उताराने तिची गाडी वळणात धरून ठेवली. एक गाडी मागे पडली, मग दुसरी. समोर झेंडा फडकला.

"बाबा, मी पयली इलंय!"

"ता बघलंय गो," बाबा म्हणाले, "पण सांधो एकय तुटूक नाय!"