गुरुसिद्धप्पांचं अर्धं वाक्य

"हलू नका, अप्पा," मल्लिकार्जुन पुटपुटला. "नाका आला."

गुरुसिद्धप्पा हलले नाहीत. लिंगायतांत मेलेल्याला बसवूनच नेतात, त्यामुळे मरूनही पाठ टेकायची सोय नव्हती. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचे हार, आणि डोली राणीसावरगावच्या मसणवट्याकडं निघालेली. शेजारून बायको महानंदा मोठ्यानं रडत चालली होती.

"जरा हळू रड," ते ओठ न हलवता म्हणाले.

"मेलेलं मानूस बोलतंय व्हय? गप बसा."

युक्ती त्यांच्या चेल्याची, मल्लिकार्जुनाची. निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय सभेला बंदी होती, अंत्ययात्रेला नव्हती. मसणवट्यात पोचायचं, डोळे उघडायचे आणि भाषण करायचं.

भाषण एकच होतं, 'रयत आणि राज्य' या त्यांच्या निबंधाचं. दर वेळी ते त्याच वाक्याशी येत, "म्हणून रयतेनं आता काय करावं, तर—" आणि पोलीसठाण्याचे अमीनसाहेब शिट्टी फुंकत. निबंध छापतानाही धाड नेमकी त्याच ओळीवर पडली होती. लोक घरी जाताना म्हणत, "पुढचं लय जहाल असंल, म्हनून तर अडवायलेत." त्या अर्ध्या वाक्यावर गुरुसिद्धप्पा जिल्ह्याचे विचारवंत झाले, दोनदा तुरुंगात जाऊन आले. आता गुडघे दुखत होते आणि लोकांचा आदरही सोसवत नव्हता. ते वाक्य एकदाचं संपावं, एवढीच इच्छा उरली होती.

नाक्यावर अमीनसाहेब उभेच होते. झेंडूनं घात केला. मुर्दा शिंकला.

डोली जागच्या जागी थिजली. महानंदाचं रडणं अर्ध्यात राहिलं. अमीनसाहेबांनी मुर्द्याकडं नीट पाहिलं, टोपी काढली आणि मुकाट्यानं मागोमाग चालू लागले.

मसणवट्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुसिद्धप्पांनी डोळे उघडले. बोलले, रंगले, आणि वाक्याशी आले.

"म्हणून रयतेनं आता काय करावं, तर—"

सवयीनं थांबले. शिट्टी वाजली नाही.

"फर्माइए, अप्पा," अमीनसाहेब एका धोंड्यावर बसत म्हणाले. "बंदी जलशाला, सभेला हाय, मय्यतीला न्हाई. इतकी वर्षं झाली, मलाबी पुढचं ऐकायचंय."

सगळा मसणवटा कान देऊन उभा. गुरुसिद्धप्पांनी हारातलं एक फूल कुस्करलं. दुसरं कुस्करलं. इतक्या वर्षांत पुढचं कधी लागलंच नव्हतं.

त्यांनी हळूच डोळे मिटले.

"मल्लिकार्जुना," ते ओठ न हलवता म्हणाले, "खड्डा खणलाय का रे?"